चांगुणामावशीची दुसरी साक्ष

अर्धी खोली सारवून झाली होती, अर्धी कोरडी होती. ओल्या आणि कोरड्या जमिनीच्या मधोमध चांगुणामावशी उकिडवी बसली होती. एका हातात पोतेरं, दुसरा हात शेणकाल्याच्या घमेल्यात. मी दारातून हाक मारली तशी ती उठायला गेली, पण उठता आलं नाही. भिंतीला हात टेकून परत खाली बसली.

"ये बबिते. पण तिथंच थांब, वल्यावर पाय देऊ नको. नाताळ तोंडावर आलाय आन् माझं सारवणच उरकंना."

"नंदिनी कुठंय? घरात सून असताना तुमी कशाला सारवायलाव?"

"गेली कापूस वेचायला. आन् तिचं सारवण कसं असतंय? म्हैस लोळून गेल्यावानी."

मी हसले. मग वास आला. शेणाचा वास माझ्या ओळखीचा आहे, लहानपणापासून नाकात बसलेला. हा त्याच्या खालून येत होता. गोडसर, कुजका. माझी नजर तिच्या उजव्या पायाकडे गेली. बोटांना जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली होती. शेणकाल्यात भिजून ती हिरवी झाली होती आणि एका जागी पिवळी.

"मावशी, पायाला काय झालं?"

"कुठं काय. काटा मोडला."

"कधी?"

"दिवाळीत. कापूस वेचताना."

दिवाळी होऊन दीड महिना होत आला होता.

मी तिच्याकडे आले होते एका निरोपासाठी. आमच्या मंडळीचे पास्टर सिद्धोधन यांनी मला पाठवलं होतं. हे बौद्ध नाव त्यांच्या वडिलांनी हौसेनं ठेवलं आणि प्रभूत आल्यावरही त्यांनी ते बदललं नाही. आठवडाभर ते पिंगळीत शिलाई मशीन चालवतात आणि रविवारी वचन सांगतात. ते म्हणाले होते, "उद्या पालमकडची माणसं येणारायत. चांगुणाबाईंना सांगा, साखर बरी झाल्याची साक्ष परत द्या म्हणावं. नव्या लोकांना हिंमत येती."

मी चौकटीला धरून उभी राहिले. 

*

चांगुणामावशी आमच्या नात्याची नाही. पण मी पिंगळीत लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या बाळंतपणात माझं अंग तिनं शेकलं, म्हणून मावशी. ती मूळची येलदरीकडची. नवरा रंगनाथ धरणावर मासे धरायचा. एका पावसाळ्यात होडी उलटली. तीन दिवस ती काठावर बसून होती, मांडीवर दोन वर्षांचा बालाजी. माणसं येत, हळहळत, जात. एक म्हातारी मात्र तीनही दिवस तिथंच बसून राहिली. मावशी मला नेहमी सांगते, "तिनं मला येशू सांगितला न्हाई, बबिते. तिनं माझ्या पोराला चहात बिस्किट बुडवून चारलं. तिसऱ्या दिवशी मुडदा निघाला तवा मी पाण्यात चालले होते, तिनं कंबरेला मिठी मारून मला मागं वढलं. मग इचारलं मी, तू कोण म्हणून."

ती म्हातारी प्रार्थनेला जाणारी होती. मावशी तिच्या मागोमाग गेली आणि तिथंच राहिली. चाळिशीत ती अक्षरं शिकली. अजूनही वचन वाचताना शब्दाखाली बोट ठेवते आणि बोट पुढं सरकलं की मगच तोंड उघडते. दुसऱ्याच्या रानात निंदून-खुरपून, कापूस वेचून तिनं बालाजीला वाढवलं. आज तो टेम्पो चालवतो.

तिला साखर निघाली सहा वर्षांखाली. सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळायच्या, ती नेमानं घ्यायची. दर रविवारी प्रार्थनेत हात वर करून म्हणायची, "प्रभू, ही साखर काढ." मग गेल्या चैत्राच्या आधी, चाळीस दिवसांचे उपास चालू असताना, सरकारी दवाखान्याकडून घरोघर फिरणाऱ्या आशाताईंनी बोट टोचून तपासणी केली. उपाशीपोटी एकशे अठरा. आधी असायची अडीचशे, तीनशे.

"छान, मावशी," आशाताई म्हणाल्या, "आता कंट्रोलात आहे. गोळ्या अशाच चालू ठेवा."

मी तिथंच होते. हे शेवटचं वाक्य माझ्याही कानावर पडलं होतं. ते मला चांगलं आठवतं आणि तेच मला खातं.

कारण आनंदाच्या भरात मीच म्हणाले, "मावशी, रविवारी साक्ष द्या!"

आमच्यात साक्षीची रीत आहे. गाणी झाली की वचनाच्या आधी ज्याला देवानं काही दिलं त्यानं उठून सांगायचं. बाया पदर डोक्यावर घेऊन उभ्या राहतात. नोकरी लागली, ताप उतरला, हरवलेली शेळी सापडली, सगळं सांगतात. आणि त्या साक्षी वहीत लिहून ठेवायचं काम माझ्याकडं. रोजची वही लिहायची मला सवय आहे, म्हणून पास्टरांनी ते माझ्यावर सोपवलं. त्या रविवारी मावशी उठली, रडली, म्हणाली, "माझी साखर प्रभूनं काढली. आजपासून गोळी घेणार न्हाई." सगळी खोली उभी राहिली. टाळ्या, हालेलुया, पत्र्याला आवाज लागला. मी वहीत लिहिलं: चांगुणाबाई, साखर गेली. खाली दोन रेघा मारल्या.

आणि एकदा उभं राहून सगळ्यांसमोर बोललेला शब्द आमच्यात कुणी मागं घेत नाही. तो देवाच्या नावानं बोललेला असतो.

*

"सोडा ती चिंधी," मी म्हणाले. "बघू द्या मला."

"कशाला बघतीस? दुखत न्हाई मला. जरा सुद्धा न्हाई. काटा शिरला तवा बी कळलं न्हाई, रगत बघून कळलं. मी तर प्रभूची स्तुती केली. म्हणलं, बरं करायलाय तो, म्हणूनच दुखत न्हाई."

मी ओल्या जमिनीवरून तशीच गेले. माझी पावलं सारवणात उमटली, ती ओरडली, "अगं, अगं!" मी खाली बसून चिंधी सोडली. करंगळीशेजारचं बोट काळं पडलं होतं. सुजेमुळं पाऊल गुळगुळीत झालं होतं, घोट्यापर्यंत लाली चढलेली.

"बालाजीला ठाऊक हाय?"

"न्हाई."

"आन् नंदिनीला?"

"तिला वास आला परवा. म्हणली, आत्या, उंदीर मेलाय का कुठं. मी म्हणलं, आसंल." ती हसली. मग एकदम माझं मनगट धरलं. हात शेणाचा, पण पकड अशी की सुटेना.

"तू कुणाला सांगायचं न्हाई, बबिते. शपथ घालायची आपल्यात रीत न्हाई. नुस्तं हो म्हण."

"मावशी, पाय जाईल तुमचा."

"जाऊ दे. माझा पाय गेला तर माझा जाईल. उद्या त्या माणसांपुढं मी म्हणले साखर परत आली, तर नाव कुणाचं जाईल? शेजारची कडूबाई काय म्हणंल? म्हणंल, बघा, ह्यांचा देव दिऊन परत घेतंय. मी त्याच्या नावाला बट्टा लावू? त्यानं मला पाण्यातनं काढलं."

 तिच्या डोळ्यांत भीती होती, पण पायाची नव्हती. आणि मी, देवाघरची वही लिहिणारी बाई, मी म्हणाले, "हो."

निरोप मी दिलाच नाही. तिनंच तो ओळखला. "उद्या साक्ष द्यायची ना? सांग पास्टरांना, येती म्हणून."

*

घरी आले आणि भाकरी करपवल्या. आमच्या यांनी विचारलं, "आज जळका स्वयंपाक का?" मी म्हणाले, तवा तापला. हेही खोटंच.

जेवणं उरकल्यावर वही काढली. मार्चमधलं पान उघडलं. ते माझंच अक्षर, त्याच दोन रेघा. चांगुणाबाई, साखर गेली. आशाताई म्हणाल्या होत्या कंट्रोलात आहे. मी लिहिलं गेली. मला चमत्कार हवा होता. आमच्या तेरा घरांच्या मंडळीला गावात कुणी विचारत नाही. मला वाटलं, एक तरी मोठी गोष्ट आमच्याकडं असावी. पुढं नऊ महिने जो कुणी आजारी येई, त्याला मीच हे पान वाचून दाखवायचे.

मी गुडघे टेकले. मावशीचा पाय बरा कर, एवढंच मागून भागणार नव्हतं. मी तिला हो म्हणाले होते. शब्द मोडायचा नव्हता आणि माणूस मरू द्यायचं नव्हतं. शेवटी एवढंच म्हणाले, "प्रभू, तिच्याबद्दल मी बोलणार नाही. पण माझ्याबद्दल बोलायला मला तोंड दे." आमेन म्हणायलाही विसरले.

*

रविवारी प्रार्थनेची खोली भरली होती. पालमहून एस.टी.नं दहाबारा माणसं आली होती. चांगुणामावशी आली ती पायात मोजे घालून. बालाजीचे जुने निळे मोजे, वर चप्पल.

"काय मावशी, थंडीला घाबरलाव का?" कुणीतरी विचारलं.

"म्हातारी झाले बाबा. तुला मोजे न्हाईत म्हणून जळतूस का?"

सगळे हसले. मी तिच्याशेजारी बसले. तिनं पावडर आणि कापूर लावला होता. कापराच्या मागून तोच वास.

गाणी झाली. पास्टर म्हणाले, "आता साक्षी." मावशीनं जमिनीवर हात टेकले, उठायला लागली. पण तिच्या आधी मागच्या रांगेतून एक बाई उठली. पालमची सरजाबाई, नव्यानं यायला लागलेली. 

"प्रभूची स्तुती. मला बीपी हाय. दोनदा चक्कर येऊन पडले. चांगुणाबाईंची साक्ष ऐकली म्हणून मी इथं आले. त्यांची साखर गेली, मग माझं बीपी का जाणार न्हाई? आजपासून मी बी गोळी घेणार न्हाई." तिनं कनवटीची गोळ्यांची पट्टी काढली आणि पुढं येऊन दानाच्या ताटात टाकली.

"हालेलुया!" खोली गरजली.

मी मावशीकडं बघितलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. हात अजून जमिनीवर टेकलेले, ना उठत होती ना बसत होती. ओठ हलत होते. टाळ्या थांबेनात.  मला वाटलं, आता नाही उठले तर पुन्हा कधीच उठणार नाही.

मी उठले. पदर डोक्यावर घ्यायचाही विसरले.

"पास्टर, मला बोलायचंय. साक्ष नाही. कबुली."

टाळ्या थांबल्या.

"मार्चमध्ये आशाताई म्हणाल्या, कंट्रोलात आहे, गोळ्या चालू ठेवा. मी ऐकलं होतं. पण मी वहीत लिहिलं, गेली. साक्ष द्यायलाही मीच लावलं. मी वाढवून लिहिलं. देवाला माझ्या वाढवण्याची गरज नव्हती." मी सरजाबाईकडं बोट केलं. "ह्या ताईंनी माझं लिहिलेलं ऐकून गोळी टाकली. ती परत द्या त्यांना. बाकी मी काही सांगू शकत नाही."

 पास्टर माझ्याकडं बघत राहिले, जसं कापड उलटं शिवलं गेल्यावर बघतात. मागून एक बाप्या पुटपुटला, पण सगळ्यांना ऐकू गेलं: "म्हंजे नऊ महिने आमी खामखा वरडलो का?"

"खामखा न्हाई," चांगुणामावशी म्हणाली. ती उभी नव्हती, बसूनच होती. "तुझा गळा तरी मोकळा झाला."

तिनं पाय पुढं घेतला आणि मोजा काढला. मोजा सहज निघाला नाही, चिकटला होता. तिनं ओढला. चिंधी सुटली. पुढच्या रांगेतल्या बायांनी तोंडाला पदर लावले, एकीनं लेकराचे डोळे झाकले.

"बबितेनं कबुली दिली ती अर्धी," ती म्हणाली. "अर्धी माझी हाय. माझी साखर गेली न्हाई. गोळी मी सोडली. काटा शिरला तरी कळलं न्हाई, आन् मी म्हणलं प्रभू बरं करायलाय. मला भ्या वाटलं, त्याचं नाव खराब होईल म्हणून. पर आत्ता ह्या बाईनं गोळी टाकली, तवा मला कळलं, मी त्याचं नाव राखायले न्हाई, माझंच राखायले." तिनं सरजाबाईकडं बघितलं. "उचल ती गोळी, लेकी. माझ्या पायाकडं बघ आन् उचल."

सरजाबाई जागची हलली नाही. पास्टरांनीच ताटातली पट्टी उचलली, एक गोळी काढली आणि कोपऱ्यातल्या माठाचं पाणी आणून तिच्या हातात दिलं. "प्रार्थना करून घ्या," ते म्हणाले. "हात जोडून घेतलेली गोळी म्हणजे अविश्वास नव्हे. हे मी नऊ महिन्यांपूर्वी सांगायला पाहिजे होतं. मलाही टाळ्या आवडल्या." मग दाराकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "बालाजी, टेम्पो काढ."

बालाजी दारात उभा होता. आईचा पाय त्यानं तेव्हाच पहिल्यांदा बघितला. तो चपला न घालताच धावला.

*

परभणीत दवाखान्यात साखर निघाली चारशे बारा. डॉक्टर तरुण होत्या, बोलायला कडक. "दुखत नव्हतं, हेच वाईट आहे, आजी. नसा मेल्यात. दुखलं असतं तर तुम्ही लवकर आला असता." दुसऱ्या दिवशी ते काळं बोट काढलं. करंगळी राहिली, पण तिचाही रंग बरोबर नव्हता. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं: विष वर चढलं तर पाय घोट्यापासून काढावा लागेल. आठ-दहा दिवस काही सांगता येणार नाही. रोज इन्सुलिनची सुई, एक दिवसाआड ड्रेसिंग.

पहिल्या दोन दिवसांत ताप उतरेना. मी तिच्या खाटेजवळ बसून होते. ती छताकडं बघत म्हणाली, "बबिते, मग प्रभूनं मला बरं केलंच न्हाई का गं?"

मी वहीत किती साक्षी लिहिल्यात. ह्या प्रश्नाचं उत्तर एकीतही नव्हतं. मी खोटं बोलणार नव्हते, आता परत नाही. म्हणाले, "मला माहीत नाही, मावशी."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं, झोपली. मग म्हणाली, "येलदरीला तीन दिवस मी मागत होते, माझा मालक जित्ता दे. न्हाई दिला त्यानं. पर ती म्हातारी दिली. माझ्या कंबरेला मिठी मारून बसलेली." तिनं माझ्याकडं मान वळवली. "तू रविवारी उठलीस ना, तवा तसंच वाटलं मला. कुणी तरी मागं वढायलंय."

मी पदर डोळ्यांना लावला. तिला ते आवडलं नाही.

"रडू नको. चहा आण. बिनसाखरेचा आण आता, मेला."

*

काल, नाताळच्या सकाळी, तिला घरी आणलं. सण खाटेवरच झाला. मंडळीतल्या बाया येऊन गाणी म्हणून गेल्या. कडूबाई पण आली. ती आमच्यातली नाही, आणि तिच्याच तोंडाला मावशी एवढी भीत होती. ती दारात उभी राहून म्हणाली, "ऐकलं मी, तुमी सगळ्यापुढं खरं सांगितलंत म्हणून." पुढं काही टोमणा येईल म्हणून मी अंग चोरलं. पण तिनं पदराखालची मेथीची जुडी काढून खाटेवर ठेवला. "साखरेला चांगली असती," म्हणाली आणि गेली.

राहिलेली अर्धी खोली नंदिनीनं सारवली. मावशीनं खाटेवरून मान उंचावून बघितलं. "म्हैस लोळल्यावानीच हाय," म्हणाली, "पर ह्या वेळी जरा शहाणी म्हैस." नंदिनीनं हसत हसत तिच्या दंडात सुई टोचली. सुई द्यायला ती दवाखान्यात नर्सबाईंकडून शिकून आली होती. टोचायच्या आधी दोघींनी डोळे मिटले.

वहीतलं मार्चचं पान मी फाडलं नाही. त्याच्याखाली लिहिलं: साखर गेली नाही. चारशे बारा होती, आज दोनशे चाळीस. गोळी आणि सुई चालू. पाय अजून आहे. रेघ मारली नाही.

पट्टीबाहेर दिसणाऱ्या करंगळीचा रंग आज सकाळी मला कालच्यापेक्षा बरा वाटला. नंदिनीला तसा वाटला नाही. उद्या ड्रेसिंग सोडल्यावर डॉक्टर सांगतील, पाय राहतो की जातो. मावशीनं विचारलं, "गाडीत बसायला जागा मिळंल का?" मी म्हणाले, मिळेल, लवकर निघू.

उद्या सकाळच्या गाडीनं चांगुणामावशीला पिंगळी स्टेशनवरून परभणीला ड्रेसिंगला जायचं आहे.